चौतीस दिवसांनी कमी पडलेला कागद

मित्रांनो, मी एक जुना जुन्नरी कागद आहे. तसे माझे वय फक्त सहा वर्षांचे. कागदाला सहा वर्षे म्हणजे काहीच नाही. माझ्या जातीचे शंभर-दीडशे वर्षांचे कागद कचेऱ्यांच्या दप्तरांत अजून धडधाकट पडून आहेत. पण माझ्या अंगावर जे लिहिले गेले, ते तीन महिन्यांतच कुचकामी ठरले. म्हणून मी स्वतःला जुना म्हणतो.

मला सपाट पडून राहता येत नाही. मला इतक्या वेळा गुंडाळले आणि उलगडले आहे, की टेबलावर ठेवले की माझ्या दोन्ही कडा आपोआप वर येतात. चारी कोपऱ्यांवर काहीतरी वजन ठेवावे लागते. वजन काढले की मी पुन्हा वळतो. लोक म्हणतात, कागदाला सवय लागली. मी म्हणतो, मला एका प्रश्नाने निवांत पडू दिले नाही. प्रश्न असा, की एकाच हौदातून निघालेल्या दोन कागदांपैकी एक कागद माणसाला नोकरी देतो आणि दुसरा देत नाही, तर हा फरक कागदात नेमका कुठे असतो?

माझा जन्म १९५३ साली जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यात, जलालभाईंच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक लांब पडवी, दोन हौद आणि पायाने दाबून चालवायचा एक जड लाकडी हातोडा. त्याआधी मी काही गोणपाट आणि काही झिजलेले दोर होतो. मला चुन्यात भिजवले, हातोड्याखाली कुटले, कुकडी नदीच्या पाण्यात धुतले, पुन्हा कुटले आणि पुन्हा धुतले. सात वेळा. मग हौदातल्या पाण्यात माझा लगदा ढवळून जलालभाईंनी काड्यांची चाळण बुडवली आणि एका झटक्यात वर उचलली. पाणी खाली गेले आणि मी वर राहिलो. मला भिंतीला चिकटवून वाळवले. मग माझ्या अंगाला खळ लावली आणि तळहाताएवढ्या गुळगुळीत दगडाने मला इतके घोटले, की माझ्यावर उजेड घसरू लागला.

त्या खळीमुळे शाई माझ्या आत शिरत नाही. ती वरच वाळते.

जलालभाईंची मुलगी ताहेरा मला उजेडासमोर धरून तपासायची. गाठ राहिली असेल तर ताव बाजूला. चोवीस ताव झाले की एक दस्ता बांधायची. ती अठरा वर्षांची होती. सातवीची परीक्षा, म्हणजे लोक जिला फायनल म्हणतात ती, ताहेरा मराठीतून पास झाली होती आणि त्यानंतर दोन वर्षे तिने फक्त ताव मोजले होते. मोजताना तिचे ओठ हलत. मला वाटायचे, ती आकडे म्हणते आहे. एकदा नीट ऐकले, तर ती कविता म्हणत होती आणि तरीही मोजणीत चुकत नव्हती.

आता या घरातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. जलालभाईंचे आजोबा मामलेदार कचेरीला रजिस्टरांसाठी कागद पुरवत. कोणाची जमीन किती, कोण जन्मले, कोण वारले, कोणावर दावा झाला, सगळे त्या रजिस्टरांत. त्यामुळे या घरात 'रजिस्टर' हा शब्द अदबीने उच्चारत. जे रजिस्टरात चढले ते सरकारने मानले, असा तिथला पक्का समज. पुढे गिरणीचा कागद आला, कचेरीने जुन्नरी कागद घेणे बंद केले. समज मात्र घरातच राहिला.

१९५४ च्या उन्हाळ्यात जुन्नरला एक नवी संस्था निघाली. ज्ञानांकुर अध्यापन मंदिर. फायनल झालेल्या मुलामुलींना एक वर्ष शिकवायचे आणि प्राथमिक शिक्षक म्हणून तयार करायचे, असा तिचा उद्देश होता. तिचे प्राचार्य खादी वापरणारे, तळमळीचे गृहस्थ. आपल्या संस्थेची प्रमाणपत्रे देशी कागदावरच निघतील असे ठरवून ते जलालभाईंकडे दोन दस्ते सांगायला आले. त्यांच्या हातातल्या पत्रावर संस्थेच्या नावाखाली 'रजि. नं. ४१७' असे छापलेले होते. हे काय, असे जलालभाईंनी विचारले. संस्था रजिस्टर्ड आहे, असे प्राचार्य म्हणाले. ते खरेच बोलत होते. जलालभाईंनी पुढे काही विचारले नाही.

प्राचार्य गेल्यावर जलालभाईंनी ताहेराला त्या संस्थेत घालायचे ठरवले. तिची आई जोहराबी नाखूष होती. मोहल्ल्यातली एकही मुलगी अशी मुलांबरोबर वर्गात बसली नव्हती आणि शिकून पुढे काय, हाही तिचा प्रश्न होता.

जलालभाई म्हणाले, "रजिस्टर कालेज हाय ते. सरकारच्या वहीत नाव हाय त्याचं. आपल्याच कागदावर चढलं आसंल."

जोहराबी म्हणाली, "कागद आपला हाय म्हून शाई बी आपलीच का?"

पण तिने हट्ट धरला नाही. ताहेरा जून महिन्यात वर्गात बसू लागली.

ते वर्ष मी दस्त्यात बांधलेला होतो, म्हणून त्याची हकीकत मी तिच्या बोलण्यातूनच ऐकली. ती बालमानस शिकली, तक्ते करायला शिकली, नगरपालिकेच्या शाळेत बेचाळीस पाठ घेतले. फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ किती वेळ असावी याचीसुद्धा तिने वहीत नोंद केली होती. वर्षाअखेर चाळीस जणांपैकी तिघांना पहिला वर्ग मिळाला. त्यांत ती एक.

दस्त्यातला सतरावा ताव मी. प्राचार्यांनी बोरू घेतला, काजळाच्या काळ्या शाईत बुडवला आणि छापील मजकुराखाली तिचे नाव लिहिले. त्याखाली वर्ग. त्याखाली तारीख, २८ एप्रिल १९५५.

घरी आल्यावर जलालभाईंनी मला तिरके धरून आधी माझी घोटाई पाहिली. ती चांगली उतरली होती. मग त्यांनी ताहेराला सांगितले, वर लिहिलेले मोठ्याने वाच. ताहेराने वाचून दाखवले. जोहराबीने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. पुढचे पंधरा दिवस मोहल्ल्यातले लोक मला पाहायला येत होते. ज्यांना वाचता येत नव्हते ते बोट लावून बघत. शेजाऱ्यांनी माझ्यासाठी पत्र्याची एक नळी करून दिली. मित्रांनो, एवढे कौतुक माझे पुन्हा कधी झाले नाही. ते मला जरा लवकरच झाले असे आता वाटते.

बाजाराच्या दिवशी आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसरहून सारजाबाई यायच्या. जुनी गोणपाटे, तुटके दोर त्या जलालभाईंना विकत. त्यांचे घर सासऱ्यांपर्यंत मेंढरांमागे हिंडले होते. आता शेती होती आणि वीसेक मेंढ्या. जूनच्या एका बाजारात त्यांनी मला पाहिले आणि गोणपाटाचा भारा तिथेच टाकून खाली बसल्या.

निरगुडसरच्या शाळेत मुली तिसरीनंतर टिकत नव्हत्या. मास्तर चांगले होते, पण बाई नव्हती. सारजाबाईंची भागू अकरा वर्षांची. तिसरी झाली आणि घरी बसली. गावाने अर्ज करकरून एका शिक्षिकेची जागा मंजूर करून घेतली होती. जागा ट्रेन्ड, म्हणजे प्रशिक्षण घेतलेल्या, शिक्षिकेची. ३१ ऑगस्टपर्यंत कोणी रुजू झाले नाही, तर ती दुसऱ्या गावाला जाणार. आतापर्यंत एकही अर्ज आला नव्हता. पुण्याकडच्या बायका मंचरच्या पुढे यायला तयार नव्हत्या.

"तू ये बाई," सारजाबाई म्हणाल्या. "ऱ्हायची सोय मी करते. आमच्याकडं मास्तरणीला कुणी वर मान करून बघायचं न्हाई. बघितलं तर माजं कुत्रं हाय."

ताहेराने अर्ज भरला. त्यात दोन चौकटी होत्या. एक ट्रेन्ड, दुसरी अनट्रेन्ड. तिने पहिल्या चौकटीत खूण केली आणि कंसात माझा उल्लेख केला. मग बापलेक मला घेऊन एस्‌टीने पुण्याला, जिल्हा स्कूल बोर्डाच्या कचेरीत गेले.

तिथल्या कारकुनाने मला उलगडले. मी लगेच वळलो. त्याने एका कोपऱ्यावर दौत आणि दुसऱ्यावर कोपर ठेवले. मला वाचले. मग एक छापील यादी काढून तिच्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवले.

"ही संस्था यात नाही," तो म्हणाला.

जलालभाईंनी 'रजि. नं. ४१७' वर बोट ठेवले. "रजिस्टर हाय की, साहेब."

"रजिस्टर्ड आहे. रेकग्नाइज्ड नाही."

"म्हंजी?"

कारकून काही वाईट माणूस नव्हता. त्याने लेखणी खाली ठेवली. "मूल जन्मलं की त्याची नोंद करता ना? नोंद झाली म्हणून ते पास झालं का? संस्था जन्माला आली एवढंच यावरून कळतं."

मित्रांनो, त्या टेबलावर मी जे ऐकले ते तुम्हांला मुद्दाम सविस्तर सांगतो. नोंदणी वेगळी आणि मान्यता वेगळी. आणि मान्यतासुद्धा एक नसते. शिक्षण खात्याने एखादा अभ्यासक्रम नोकरीसाठी मान्य केला, तर त्याचा दाखला घेऊन माणूस ट्रेन्ड शिक्षक होतो. पण तेच वर्ष पुढच्या शिक्षणात धरायचे की नाही, हे पुढचे कॉलेज ठरवते. एखादी संस्था नोकरीला चालते आणि पुढच्या वर्गाला चालत नाही. एखादी उलट. 'मान्य आहे' हे वाक्य अर्धे असते. कोणाला मान्य, कशासाठी मान्य, हे विचारल्याशिवाय ते पुरे होत नाही. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. फरक कागदात नव्हताच. तो त्या छापील यादीत होता, आणि ती यादी अगदी पातळ, पिवळट, गिरणीच्या कागदावर छापलेली होती.

ताहेराने तरीही हार मानली नाही. तिथून ती सरकारी ट्रेनिंग कॉलेजात गेली. नोकरी नाही तर निदान दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळावा, म्हणजे एक वर्ष तरी वाचेल, असा तिचा हिशेब. तिने पाठांची वही दाखवली. तिथल्या बाईंनी ती कौतुकाने चाळली, दोन पाने तर थांबून वाचली. पण पहिले वर्ष धरता येत नाही, यायचे तर पुन्हा पहिल्यापासून, असे त्यांनी सांगितले. प्रवेशही आता पुढच्या जूनमध्ये.

परतीच्या वाटेवर नारायणगावला गाडी बदलली. मी नळीत होतो. रस्ता खडबडीत होता आणि मी एका टोकावरून दुसऱ्या टोकाला आपटत होतो. त्या आवाजाने शेजारच्या माणसाने विचारले, आत काय आहे. ताहेरा म्हणाली, कागद.

पुढच्या बाजारी सारजाबाईंना हे कळले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आमच्यात बी असंच असतंय. मेंढीच्या कानाला आमच्या वाड्याची खूण आमाला ठावं. दुसऱ्याच्या वाड्यात गेली तर तो म्हनतो, कुनाची हाय ही? मेंढी तीच. लोकर बी तीच." मग त्यांनी विचारले, "मंग आता भागूचं काय?"



जुलैच्या शेवटी प्राचार्य स्वतः घरी आले. त्यांच्या हातात खात्याचे पत्र होते. ज्ञानांकुरला मान्यता मिळाली होती. तात्पुरती, तीन वर्षांची, १ जून १९५५ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांना लागू. ताहेराने ते दोनदा वाचले. तिने बोटांवर मोजले आणि मीही मोजले. २८ एप्रिलपासून १ जूनपर्यंत चौतीस दिवस. प्राचार्यांनी मान खाली घातली. आपण अर्ज आधीच करायला हवा होता, रजिस्ट्रेशन झाले म्हणजे बाकीचे आपोआप होईल असे आपल्यालाही वाटले, असे ते म्हणाले. ताहेराला पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा परीक्षेला बसता येईल, असेही म्हणाले. पण निरगुडसरची जागा ऑगस्टपर्यंतच होती.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. जलालभाई रात्री जेवत नसत असे जोहराबी म्हणायची. हातोडा चालायचा तो दोन ठोके पडून थांबायचा. ताहेरा ताव मोजायची आणि चुकायची. एका दस्त्यात तेवीसच ताव निघाले.

मग एका दुपारी जलालभाईंनी मला नळीतून काढले आणि घोटायच्या पाटावर पसरले. शेजारी वाटीत पाणी होते आणि मलमलची चिंधी. मला समजले. खळीच्या कागदावर काजळाची शाई वरवर बसलेली असते. ओल्या चिंधीने ती निघते. जागा वाळली की दगडाने पुन्हा घोटायची, मग तिथे आधी काही होते हे कोणाला दिसत नाही. पूर्वीचे लेखनिक आपल्या चुका अशाच दुरुस्त करत. जलालभाईंच्या हाताला ते काम ठाऊक होते. 'एप्रिल' पुसायचा आणि तिथे 'जून' लिहायचा. जागाही पुरणार होती.

मित्रांनो, माझी तेव्हा काय इच्छा होती ते लपवत नाही. मलाही ते हवे होते. तीन अक्षरे जातील आणि मी कामाचा होईन, एवढेच माझ्या मनात आले. ज्याने मला घडवले त्याच्याच हातून ते होत होते.

चिंधी 'ए'वर टेकली. शाई सुटायला लागली. तेवढ्यात ताहेरा आत आली आणि तिने त्यांचे मनगट धरले.

"अब्बा, सोडा ते."

"माज्यामुळं झालंय. मीच निस्तरतो."

"याला निस्तरणं म्हणत नाहीत."

"पत्रावर रजिस्टर वाचलं अन्‌ फुडं इचारलं न्हाई. तुझं वरीस मी घालवलं, पोरी."

ताहेरा पाटाशेजारी बसली. मनगट तिने सोडले नव्हते. "वर्ष कुठं गेलं? मी शिकले ते शिकलेच. ते कोणी मानत नाही, एवढंच."

जलालभाईंनी चिंधी वाटीत टाकली. पण 'ए' अर्धा गेला होता. त्या जागी गव्हाच्या दाण्याएवढा करडा डाग पडला होता. आता मी अमान्य तर होतोच, शिवाय संशयितही झालो.

त्याच संध्याकाळी ताहेराने नवा अर्ज लिहायला घेतला. कारकुनाने जाता जाता एक गोष्ट सांगितली होती. ट्रेन्ड उमेदवार मिळाला नाही, तर फायनल पास उमेदवाराला तात्पुरते घेता येते. पगार कमी, आणि बोर्ड पाठवील तेव्हा ट्रेनिंगला जायचे. तेव्हा ते ऐकून तिने मान फिरवली होती. आता तिने दुसऱ्या चौकटीत खूण केली. जलालभाईंना तो शब्द सहन होईना. बेचाळीस पाठ घेतलेल्या मुलीने स्वतःच्या हाताने स्वतःला अनट्रेन्ड लिहावे, त्यापेक्षा सरळ अडाणी लिही, असे ते म्हणाले. तिने शाई वाळू दिली.

२४ ऑगस्टला शिक्षण खात्याचे तपासणी अधिकारी जुन्नरच्या शाळेत आले. लोक त्यांना दिपोटीसाहेब म्हणत. निरगुडसरच्या जागेचा निकाल त्यांच्या हातात होता. ताहेरा गेली, जलालभाई गेले आणि निरगुडसरहून पहाटे निघून सारजाबाईही येऊन बसल्या होत्या. साहेबांपुढे दोन्ही अर्ज होते, जूनचा आणि ऑगस्टचा. एकात ट्रेन्ड, दुसऱ्यात अनट्रेन्ड. साहेबांनी साहजिकच विचारले, पहिल्या अर्जात लिहिलेले प्रमाणपत्र कुठे आहे.

मला उलगडले. साहेबांनी मला खिडकीसमोर धरले. खोटा दाखला केल्याचे ठरले, तर तिला कोणतीच नोकरी मिळणार नव्हती, ट्रेन्ड नाही आणि अनट्रेन्डही नाही. मी थरथरत होतो. खिडकीतून वारा येत होता, असे बाकीच्यांना वाटले असेल.

"हे कोणी खरवडलं?"

"खरवडलं नाही साहेब, पुसलं," ताहेरा म्हणाली. "माझ्या वडिलांनी."

"कशासाठी?"

"एप्रिलचा जून करायचा होता."

जलालभाईंनी डोळे मिटले.

"मग केला का नाही?"

"मी हात धरला."

साहेबांनी मला खाली ठेवले. "पाणी सांडलं म्हणाली असतीस, तर मी मानलं असतं."

"वर्गात रोज सगळ्यात आधी तारीखच लिहायची असते, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी दोन्ही अर्ज बाजूला सारले. मग त्यांनी विचारले, सोबत या बाई कोण. निरगुडसरच्या, असे कळल्यावर लिहिता येते का, म्हणून त्यांनी सारजाबाईंना विचारले. "मला मेंढरं मोजता येत्यात," सारजाबाई म्हणाल्या. साहेबांनी पाटी मागवली आणि ताहेराला सांगितले, यांना काहीतरी शिकव, मी बघतो.

ताहेराने अक्षरांची नावे घेतलीच नाहीत. तिने सारजाबाईंना त्यांच्या मेंढरांच्या कानाची खूण पाटीवर काढायला सांगितली. त्यांनी काढली. मग तिने सांगितले, की ही जशी तुमच्या वाड्याची खूण, तशी ही तुमच्या नावाची. आणि शेजारी 'सा' काढला. दहा मिनिटांत सारजाबाईंनी 'सारजा' असे लिहिले. 'र' उलटा आला होता. त्यांनी पाटी लांब धरून पाहिली आणि म्हणाल्या, "एवढं येवढंसं हाय व्हय माजं नाव? हाक मारताना तर लई मोठं वाटतं."

साहेब हसले. पण लगेच गंभीर झाले. ते म्हणाले, "हे तुला कुठे शिकवलं ते मला दिसतं आहे. पण मी ते धरू शकत नाही. नियम तसा आहे." मग त्यांनी फायनलचा दाखला मागितला. तो एक पातळ छापील चिठोरा होता, दोन घड्यांवर फाटलेला. साहेबांनी त्याचा क्रमांक उतरवून घेतला आणि दुसऱ्या अर्जावर सही केली.

२९ ऑगस्टला ताहेरा निरगुडसरला रुजू झाली. दोन दिवस शिल्लक होते. पहिल्या दिवशी वर्गात पाच मुली आल्या. त्यांत भागू होती. पुढच्या जूनमध्ये बोर्डाने ताहेराला ट्रेनिंगला पाठवले. पहिल्या वर्षापासून. तेच बालमानस, तेच तक्ते, तेच पाठ. सुट्टीत घरी आल्यावर ती सांगायची, की पुढचा धडा काय आहे ते तिला आधीच माहीत असते आणि तिला हात वर करावासा वाटत नाही. दोन वर्षांनी तिला दुसरे प्रमाणपत्र मिळाले आणि ती निरगुडसरच्या शाळेत परतली. हे प्रमाणपत्र गिरणीच्या कागदाचे. ते लखोट्यात सपाट राहते. मी पत्र्याच्या ट्रंकेत, त्याच्याखाली गेलो. मोहल्ल्यातले कोणी ते पाहायला आले नाही. आणि मलाही कोणी विचारले नाही.

या वर्षी, १९५९ च्या मे महिन्यात, मला पुन्हा बाहेर काढले. ताहेराबाईंच्या टेबलासमोर भागू उभी होती. पंधरा वर्षांची, फायनल पास. तिला शिक्षिका व्हायचे होते. जवळच एक नवी अध्यापनसंस्था निघाली होती आणि तिच्या पाटीवर 'सरकारमान्य' असे लिहिले होते. सारजाबाईंनी प्रवेशाची तयारीही केली होती. ताहेराबाईंनी मला उलगडून माझ्या कोपऱ्यांवर पाटी, डस्टर आणि घंटेची हातोडी ठेवली. चौथा कोपरा भागूने हाताने धरला. बाईंनी तिला मला सगळे वाचायला लावले. छापलेले, लिहिलेले आणि पुसलेले.

वाचून झाल्यावर भागूने विचारले, "बाई, ह्ये खोटं हाय का?"

"नाही. यातला शब्द न्‌ शब्द खरा आहे."

"मंग चालत का न्हाई?"

"ते त्या नव्या संस्थेला विचारून ये. कोणी मानलं, कशासाठी मानलं आणि कधीपासून कधीपर्यंत. तिन्ही लिहून आण."

भागू गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. तिथल्या मुख्याध्यापकांना राग आला होता. तू शिकायला आलीस की तपासायला, असे ते म्हणाले होते. भागूने त्यांना सांगितले, आधी लिहून द्या, मग शिकायला येते. शेवटी त्यांनी वहीचे पान फाडून त्यावर एक ओळ लिहून दिली होती. 'मान्यतेसाठी अर्ज केला आहे.' ताहेराबाईंनी ती ओळ वाचली आणि सरकारी ट्रेनिंग कॉलेजचा अर्ज भागूच्या पुढे सरकवला.

मित्रांनो, दाखले जपून ठेवा असे तुम्हांला घरीदारी सगळेच सांगतात. पाऊस लागू देऊ नका, घड्या घालू नका, उंदरांपासून सांभाळा. ते सगळे करा. कागदाला त्याची गरज असते. पण माझ्यासारखा कागद मिळवायला वर्ष घालण्याआधी त्याला एकदा वाचा. त्यावर जे लिहिले आहे ते वाचा आणि जे लिहायचे राहून गेले आहे ते मोठ्यांदा विचारा. विचारल्याने कोणाला राग आला तर येऊ द्या. राग चार दिवसांत जातो. वर्ष मात्र पुन्हा पहिल्यापासून काढावे लागते.

ते वहीचे पान ताहेराबाईंनी फेकले नाही. ते ट्रंकेत माझ्या शेजारी ठेवले आहे. पातळ आहे, रेघांचे आहे, एका बाजूने दाते पडलेले आहेत. मी त्याला रोज विचारतो, अरे, तुझ्या अर्जाचे काय झाले? त्याला अजून काही ठाऊक नाही.